लाल बाणाच्या वर

हरिबा मास्तरांनी कार्डावर ‘चि. सौ. हरणाबाई हीस अनेक आशीर्वाद’ एवढं लिहिलं, टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि तो तसाच दौतीत राहू दिला. पुढचं वाक्य काही केल्या येईना. गेले सात शनिवार हेच चाललं होतं. शनिवारची शाळा सकाळची. पोरं सुटली की मास्तर ओसरीवर सतरंजी टाकून बसायचे, मायना लिहायचे आणि मग समोरच्या माळावर चरणाऱ्या मेंढरांकडं बघत राहायचे. दुपारी ते कार्ड चुलीत जायचं.

हरणाचं पत्र संक्रांतीनंतर आठवड्यानं सांगलीहून आलं होतं. सांगितलं तिनं, लिहिलं तिच्या नवऱ्यानं, सयाजीनं. अक्षर मास्तरांच्या ओळखीचं. पलटणीत भरती होण्याआधी सयाजी ह्याच वाडीच्या शाळेत चार इयत्ता शिकला होता. लढाई संपल्यावर तो सांगलीला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला आणि बायको-मुलीला तिकडंच घेऊन गेला. पत्र मास्तरांना आता पाठ झालं होतं.

‘मास्तरास्नी हरणाबाईचा दंडवत. आमी खुशाल. बारका जोतिबा वर्साचा झाला. दात येताना त्याचं अंग कोमट लागतं. म्हणून इथं काचेची काडी इकत घेतली. इथला डाक्टर म्हणतो, ताप असला तरी पोराला पाजा, पांघरूण घालू नका. माझं मन घेत न्हाई. बनूच्या टायमाला तुमी एकोणीस दिस ताप मोजला, लंघन करवलं, म्हणून माझी बनू जगली. तुमचा तो आकड्यांचा कागद असंल तर पाठवून द्या. आन लाल बाणाच्या वर गेलं की दूध बंद करायचं ना, येवढं कळवा.’

उत्तर तसं एका ओळीचं होतं. दूध बंद करू नको, डॉक्टरचं ऐक. पण ती ओळ लिहिली की हरणा विचारणार, मग बनूच्या वेळी तुम्ही बंद का केलंत? आणि त्या प्रश्नाचं उत्तर मास्तर पाच वर्षं कुणाला देऊ शकले नव्हते.

चव्वेचाळीसचा भादवा होता. सयाजी दूर कुठंतरी लढाईवर होता. बनू तेव्हा दीड वर्षाची. एका सकाळी ती तापानं फणफणली आणि हरणा अनवाणी धावत शाळेच्या दारात आली.

“मास्तर, तुमच्यापाशी ती काडी हाय म्हणं. ताप बघायची.”

काडी होती. साताऱ्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना मास्तरांनी एका दुकानाच्या काचेआड ती पाहिली होती आणि हौसेनं घेतली होती. आरोग्यशास्त्राचं एक जुनं पुस्तकही होतं. पण वाडीनं ना पुस्तकाबद्दल कधी विचारलं, ना काडीबद्दल. मास्तरांकडं फारसं कुणी काहीच विचारायला यायचं नाही. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की मास्तरांचा आवाज नीट निघायचा नाही. वाडीतले लोक त्यांना मान द्यायचे आणि लांबून जायचे.

त्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मास्तर सयाजीच्या घरी गेले. काडी झटकून बनूच्या काखेत धरली, घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली. एकशे तीन.

“अठ्ठ्याण्णव आणि चारला हा लाल बाण आहे,” मास्तर म्हणाले. “इथपर्यंत ठीक. ह्याच्या वर तो ताप.”

आपला आवाज इतका स्पष्ट निघाला ह्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

ताप म्हटला की लंघन, हे वाडीला माहीतच होतं. मास्तरांच्या पुस्तकातही ‘ज्वरात लंघन हितकर’ असं छापलेलं होतं. दूध बंद झालं. कोमट पाणी आणि गवती चहाचा काढा, एवढंच. वारं लागू नये म्हणून झरोक्यात चिंध्या कोंबल्या आणि पोरीला घोंगडीत गुंडाळून चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवली. पाच दिवस एकशे तीन, एकशे दोन. सहाव्या संध्याकाळी नव्व्याण्णव आणि सहा. सातव्या दिवशीही तेवढाच. आठव्या दिवशी नव्व्याण्णव आणि आठ.

“उतरला का वं मास्तर?”

“बाणाच्या वर आहे अजून,” मास्तर म्हणायचे. आणि लंघन पुढं चालू राहायचं.

त्या सगळ्या संध्याकाळी मास्तर अजून विसरले नव्हते. ते दारात दिसले की शेजारच्या बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. हरणा गुळाचा चहा पुढं ठेवायची. घरात लोकरीचा आणि धुराचा वास भरलेला असायचा. पाच मिनिटं सगळं घर श्वास रोखून त्यांच्या हाताकडं बघायचं. मग ते काडी उजेडात तिरकी धरायचे, आकडा सांगायचे आणि कागदावर तारखेपुढं लिहायचे. परत जाताना अंधारलेल्या पांदीच्या वाटेनं त्यांना उगाचच मोठ्यानं काहीतरी म्हणावंसं वाटायचं. पोरीच्या काळजीनं त्यांना झोप नव्हती, हे खरं. पण आयुष्यात इतकी माणसं आपली वाट पाहतात, असं त्यांना पूर्वी कधी वाटलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

हरणाची सासू दगडाबाई तेवढी त्यांच्याकडं बघायची नाही. ती भिंतीला टेकून चातीवर लोकर कातत बसायची. तिच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हिला तरी मरणानं हात लावू नये असं मनात धरून आईबापांनी तिचं नाव दगडा ठेवलं होतं. तिचा दिवस शेळ्यामेंढरांमागं जायचा आणि बोलणं सगळं फटकळ.

एकोणिसाव्या दिवशी टळटळीत दुपारी ती शाळेच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. मास्तरांनी पोरांना पाढे लावले आणि बाहेर आले.

“मास्तर, ती काडी आणा. माझ्या काखंत लावा.”

“तुम्हांला ताप आहे?”

“त्येच बघायचंय.”

मास्तरांनी काडी लावली. पाच मिनिटं दगडाबाई पाढे म्हणणाऱ्या पोरांकडं बघत बसली. मग मास्तरांनी काडी उजेडात धरली आणि पुन्हा एकदा धरली.

“किती?”

“नव्व्याण्णव आणि सहा.”

“मंजी बाणाच्या वर. मग माझंबी लंघन का? सकाळधरनं उन्हात सा कोस चाललीया मी. भाकरी खाल्ल्याबिगर मेंढरं कोण राखणार? तुमी?”

मास्तर काडी झटकून पुसायला लागले.

“एक इचारू? सकाळच्या पारी कवा आलाय का तुमी पोरीला बघाय?”

“सकाळी शाळा असते.”

“मग म्या सांगते. सकाळी पोरगी गार असती. हसती. माझं नाक वडती. सांजच्याला तुमी येताय, तवर ती दिवसभर चुलीपाशी घोंगडीत उकडलेली असती. त्या घोंगडीत धोंडा गुंडाळला तरी तापंल.” मग तिनं आवाज खाली आणला. “आन आता आयका. बारा दिस झालं, हरणा पाण्याला गेली की मी तिला शेळीचं दूध पाजती. चोरून. न्हाईतर कवाच गेली असती पोर.”

आत पोरं सतराचा पाढा म्हणत होती. मास्तर ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी ते सयाजीच्या घरी गेले. घोंगडी काढायला लावली, थोडा वेळ जाऊ दिला, मग काडी लावली. सत्त्याण्णव आणि आठ. बनूच्या फासळ्या दिसत होत्या, पण डोळे स्वच्छ होते आणि ती मास्तरांच्या चष्म्याला हात घालत होती.

“ताप उतरला,” मास्तर म्हणाले. “दूध द्या.”

हरणानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मास्तरांनी दगडाबाईकडं पाहिलं. ती चाती फिरवत होती. मास्तरांनी कागदावर तो आकडा लिहिला आणि ते बाहेर पडले.

मागनं दगडाबाई त्यांना पांदीत भेटली.

“मी सांगतो तिला,” मास्तर म्हणाले. “आज नाही जमलं. उद्या सांगतो.”

“काय बी सांगू नगासा. पोरगी जगली न्हवं? लोकांचा तुमच्यावर इस्वास बसलाय. त्यो मोडला तर उद्या खरा ताप आला तरी कोण तुमच्या दारात यायचं न्हाई. आन पोरीबाळी साळंत येत्यात त्याबी बंद हुतील. गप ऱ्हावा.” जाता जाता ती वळली. “पर पुन्यांदा सकाळचं बी बघत जावा.”

मास्तरांनी मग महिनाभर स्वतःचंच अंग मोजलं. पहाटे सत्त्याण्णव आणि चार, संध्याकाळी अठ्ठ्याण्णव आणि आठ. जेवल्यावर वेगळं, चालून आल्यावर वेगळं. अंग दिवसभर एका आकड्यावर राहतच नव्हतं, आणि लहान पोराचं तर मुळीच नाही. पुढं वाडीत पोर तापलं की ते दोन्ही वेळा जायचे, पांघरूण काढायला लावायचे, आईला हळूच म्हणायचे, पाज गं त्याला. पण हरणाला त्यांनी काही सांगितलं नाही. लढाईवरून परतल्यावर सयाजी नारळ घेऊन आला, तेव्हाही नाही. दोन वर्षांपूर्वी दगडाबाई वारली. तेव्हापासून ही गोष्ट मास्तरांच्या एकट्याजवळ राहिली होती.

“मास्तर, हायसा न्हवं?”

मास्तर दचकले. हात लागून टाक दौतीतून उडाला आणि सतरंजीवर पडला. दारात ज्ञानू उभा होता. ज्ञानू घोंगड्या विकायला सांगलीच्या बाजारात जायचा आणि तिकडं सयाजीच्या घरी उतरायचा. आताच म्हसवडला मोटारीतून उतरून तीन मैल चालत आला होता. मिशांवरसुद्धा धूळ होती.

“सांगलीत तुमचं लय नाव हाय बगा, मास्तर.”

“माझं?”

“तर वं! सयाजीच्या चाळीतल्या बायका म्हणत्यात, हरणाबाईचं मास्तर मंजी डाक्टरचा बाप.” ज्ञानू मोठ्यानं हसला आणि पायरीवर टेकला. “जरा पाणी द्या. आन तिनं इचारलंय, कागुद कवा धाडताय? बारकं पोर तापलंय तिचं.”

मास्तर तांब्या घेऊन येता येता थांबले.

“कधीपासून?”

“चार दिस झालं आसतील. सांजचं बघती, काडी बाणाच्या जरा वर जाती म्हणं. दूध बंद केलंय. घोंगडीत गुंडाळून ठिवलंय. माझीच घोंगडी. इकत न्हाई, तशीच दिली, चांगली जाड.”

“आणि डॉक्टर?”

“त्यो घसा फोडून सांगतोय, पोराला पाजा म्हणून. सयाजीबी म्हणतोय. मीबी म्हनलं, आगं, पोर तोंड वासतंय, दे की. तर माझ्यावरच डाफरली. म्हणती, माझी बनू डाक्टरनं न्हाई जगवली, मास्तरांनी जगवली. मास्तरांचा कागुद आल्याबिगर थेंब देणार न्हाई.”

“पोर कसं आहे?”

ज्ञानूनं पाणी पिऊन तोंड पुसलं. “आदी लय रडायचं. काल निघालो तवा निस्तं किरकिरत हुतं.”

मास्तर सतरंजीवर बसले. त्यांनी ते कार्ड बाजूला सारलं आणि पेटीतून कोरा कागद काढला. तीन वाजता म्हसवडहून टपाल जायचं. त्यात पडलं तर परवा सांगलीत. तार करावी, तर चार शब्दांनी हरणा ऐकणारी नव्हती. स्वतः जावं, तर मोटार उद्याची; आणि तिच्या तोंडावर बोलणं आपल्याला जमणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा जमलं नव्हतंच.

त्यांनी भरभर लिहिलं. ‘हल्ली नवीन शास्त्र निघाले आहे. त्यानुसार ज्वरात दूध देण्यास हरकत नाही.’ लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं. हरकत नाही. हरणा हे वाक्य ऐकेल, क्षणभर विचार करेल आणि म्हणेल, नवं शास्त्र डॉक्टरचं. आपण आपलं जुनंच धरू. त्यांनी कागद फाडला.

“कागदं कशापायी फाडताय?” ज्ञानू पायरीवर आडवा होत म्हणाला. “येवढ्या वेळात माझी मेंढी व्याली असती.”

मास्तरांनी दुसरा कागद घेतला. ह्या वेळी मायना लिहिला नाही.

‘हरणा, हे पत्र वाचून घेणं इथंच थांबव. आधी जोतिबाला घोंगडीतून काढ आणि पाज. मग पुढचं सयाजीकडून वाचून घे.

‘बनूला मी जगवलं नाही. पहिले पाच दिवस तिला ताप होता. पुढचे चौदा दिवस मी तुझ्या घोंगडीची आणि चुलीची ऊब मोजत होतो. मी फक्त संध्याकाळी येत होतो. लहान पोराचं अंग सकाळी गार, संध्याकाळी कोमट होतं. रडलं, गुंडाळलं, उन्हातून आणलं की अजून चढतं. हे मला माहीत नव्हतं. मी नुसता बाण पाहिला, पोर पाहिलं नाही. तू तिला उपाशी ठेवलंस ते माझ्या शब्दावर.

‘बनू जगली ती तुझ्या सासूमुळं. तू पाण्याला गेलीस की त्या तिला शेळीचं दूध पाजत होत्या. बारा दिवस. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं, आणि मला ते सोयीचं झालं. तुझा नमस्कार मी घेतला, तो त्यांचा होता.

‘डॉक्टर म्हणतो तसं कर. पोर पीत नसेल, निपचित पडलं असेल, लघवी कमी झाली असेल, तर काडी बघत बसू नको, तडक त्याच्याकडं ने. माझ्या कुठल्याही कागदाची पुन्हा वाट पाहू नको.’

खाली त्यांनी ‘हरिबा’ अशी सही केली. कागद दोनदा वाचला. एका ठिकाणी ‘मला वाटतं’ असं लिहिलं होतं, ते खोडलं.

“झालं?” ज्ञानू उठून बसला. “द्या हिकडं. सांजच्याला म्हसवडला चाललोय देवाला, टाकतो पेटीत.”

“सांजच्याला उशीर होईल. मीच जातो.”

“ह्या उन्हात? आवं, तुमी?”

मास्तरांनी पाकिटाला खळ लावली, टोपी घातली आणि ते निघाले. छत्री न्यायची त्यांना आठवण राहिली नाही. शिमगा तोंडावर आला होता आणि माणदेशाचं ऊन आताच चटके द्यायला लागलं होतं. माळावर सावलीला एक झाड नव्हतं. वाटेत एक मेंढका त्यांना रामराम म्हणाला, तर त्यांनी उलट रामराम केला नाही. त्याच्याकडं वळून पाहिलं तेव्हा तो लांब गेला होता. अर्ध्या वाटेवर त्यांना वाटलं, परत फिरावं, जरा सौम्य शब्दांत लिहावं. सयाजी हे मोठ्यानं वाचणार. चाळीतल्या बायका ऐकणार. पुढच्या बाजाराला ज्ञानू सगळं घेऊन वाडीत येणार. ह्या वाडीत त्यांची दोन वर्षं नोकरी उरली होती. ते थोडा वेळ उभे राहिले. मग कुणी मागं लागल्यासारखे झपाझप चालायला लागले.

म्हसवडच्या पोस्टाशी पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. आत पोस्टमास्तर नानासो शिक्के मारत होते. ठक ठक आवाज बाहेर येत होता. पेटी भिंतीतच बसवलेली होती. मास्तरांनी पत्ता पुन्हा वाचला आणि पाकीट पेटीच्या तोंडात घातलं. हात मनगटापर्यंत आत गेला आणि तिथंच राहिला.

शिक्क्यांचा आवाज थांबला. नानासोंनी पेटीचं आतलं दार उघडलं, तर समोर धरलेलं पाकीट आणि चार बोटं.

“कोण हाय?”

“मी. वाडीचा हरिबा मास्तर.”

“मास्तर, हात अडकला का काय?”

“नाही.”

“मग सोडा की आता. थैली बांधायचीय मला.”

मास्तरांनी बोटं उघडली. पाकीट पडलं. आवाज अगदी बारीक झाला. खाली आधीची पत्रं असावीत.